घरोघरचीं यंत्रें : वीज जाते, आंकडा राहतो

विजेच्या दिव्याविषयींचा आमचा लेख प्रसिद्ध झाल्यापासून जीं पत्रें आलीं, त्यांत एका गृहिणींचें पत्र आम्हांस विशेष आवडलें. त्या लिहितात कीं, वीज गेली म्हणजे दिवा विझतो, पंखा थांबतो, गच्चीवर पाणी चढविणारा पंप मुकाट्यानें उभा राहतो. मग मीटरमधील आंकडाच तेवढा जागच्या जागीं कसा राहतो? तोहि विजेवरच चालतो ना? त्यांच्या घरच्या कर्त्या पुरुषांनीं ‘तसें असतेंच’ एवढें उत्तर देऊन वर्तमानपत्र पुन्हां तोंडापुढें धरलें म्हणे. प्रश्न दिसावयास साधा, परंतु आहे मर्माचा. विजेनें मोजणाऱ्या यांत्रिक साधनांचें बहुतेक रहस्य त्यांतच सांठविलेलें आहे. म्हणून या महिन्याचीं पानें आम्ही त्यासच देत आहों.

मोजणें म्हणजे काय, हें प्रथम पाहूं. देवास तुळशीची लाखोली वाहणाऱ्या आजीबाई आमच्या वाचकांनीं पाहिल्या असतीलच. आजीबाई एकेक पान वाहतात; शंभर झालीं कीं एक चिंचोका वाटींत टाकतात; चिंचोके दहा झाले कीं ते परत घेऊन त्यांच्या जागीं एक सुपारी ठेवतात. अशा शंभर सुपाऱ्या झाल्या म्हणजे लाख पुरे. मध्येंच दारीं कोणी आलें, उठावें लागलें, दुसरा दिवस उजाडला, तरी बिघडत नाहीं. आठवण आजीबाईंच्या डोक्यांत नसून वाटींत आहे. नातवानें सुपारी उचलली नाहीं म्हणजे झालें. येथें एकाच वेळीं तीन कामें चाललीं आहेत. दर पानागणिक एक पाऊल पुढें जावयाचें, गेलेलें पाऊल मागें येऊं द्यावयाचें नाहीं, आणि भरलेल्या शंभरांचा हातचा वरच्या घरांत नेऊन ठेवावयाचा. प्राथमिक शाळेंतील मुलास सर्वांत जड जातो तो हातचाच. यंत्रासहि तोच जड जातो, हें लवकरच दिसून येईल.

आतां यंत्राकडे वळूं. तारेंतून वीज वाहूं लागली कीं जवळची होकायंत्राची सुई हलते, हें डेन्मार्कमधील ओर्स्टेड यांनीं १८२० मध्यें जगास दाखविलें. पुढें पांच वर्षांनीं, १८२५ मध्यें, इंग्लंडांत विल्यम स्टर्जन यांनीं नालासारख्या वांकविलेल्या मऊ लोखंडाभोंवतीं तार गुंडाळून तिच्यांतून वीज सोडली, तों तें लोखंड चुंबक झालें. वीज तोडतांच तें चुंबकत्व गेलें. हें येणारें-जाणारें चुंबकत्व हाच विजेच्या मोजकयंत्राचा हात होय. यंत्राच्या पेटींत तारेचें एक वेटोळें असतें. त्याच्यासमोर बिजागरीवर हलणारी एक लोखंडी पट्टी असते आणि तिला एक बारीक स्प्रिंग मागें ओढून धरते. विजेचा एक झोत आला कीं पट्टी ‘टक्’ करून वेटोळ्यास चिकटते. झोत संपला कीं स्प्रिंग तिला परत आणते. पट्टीच्या टोकास एक खिटी बसविलेली असते व तिचें टोंक एका दांतेरी चाकाच्या दांतांत रुतलेलें असतें. हे दांत करवतीच्या दांतांसारखे एका बाजूस तिरपे असतात. त्यामुळें खिटी पुढें जातांना चाकास एक दांत ढकलते आणि मागें येतांना नुसती दांतावरून घसरून येते. दुसरी एक खिटी पेटीच्या सांगाड्यासच जखडलेली असते. तिचें काम एकच, चाकास उलट फिरूं न देणें. चाकास दहा दांत असले म्हणजे दर झोतागणिक तें एक दशांश फेरा घेतें, आणि झरोक्यांत तीनाच्या जागीं चार येऊन उभा राहतो.

आमच्या पत्रलेखिका भगिनींचें उत्तर येथेंच मिळतें. वीज येथें मोजीत नाहीं. ती केवळ धक्का देते. आठवण ठेवतें तें चाक. वीज गेली म्हणजे पुढचा धक्का मिळत नाहीं एवढेंच; परंतु मागें जावें म्हटलें तर दुसरी खिटी वाट अडवून बसलेली आहे. चाकानें हलावें असें कारणच उरत नाहीं. ‘यंत्र’ हा शब्द आवरणें, निग्रह करणें या अर्थाच्या ‘यम्’ धातूशीं जोडलेला आहे, याची आम्हांस या खिटीकडे पाहतांना नेहमीं आठवण होते. यंत्र म्हणजे चालणारें साधन असें लोक समजतात. व्युत्पत्ति पाहिली तर तें आवरून धरणारें साधन आहे.

चांगल्या कारागिराच्या मोजकांत आणखी एक युक्ति असते. कित्येक यंत्रांत वेटोळें चाकास ढकलीतच नाहीं. तें केवळ खिटी मागें ओढून स्प्रिंग ताणून ठेवतें. वीज तुटली म्हणजे ताणलेली स्प्रिंग सुटते व चाकास पुढें लोटते. असें करण्याचें कारण उघड आहे. विजेचा जोर कधीं कमी, कधीं अधिक, हें आपणांस घरांतील दिव्यावरूनच ठाऊक आहे. स्प्रिंगचा जोर मात्र दर वेळीं सारखा. वीज स्प्रिंग ताणण्यापुरती पुरली म्हणजे झालें.

आतां हातचा. एकं, दहं, शतं यांचीं चाकें एकाच कण्यावर ओळीनें बसविलेलीं असतात आणि प्रत्येकाच्या घेरावर शून्यापासून नऊपर्यंत आंकडे लिहिलेले असतात. वेटोळें हलवितें तें फक्त एकंच्या चाकास. बाकीचीं चाकें शेजाऱ्याच्या धक्क्यावर चालतात, आणि तो धक्का दहा वेळांतून एकदांच मिळाला पाहिजे. यासाठीं चाकाच्या डाव्या कडेस दोनच दांत ठेवतात, आणि डावीकडील शेजारच्या चाकाच्या उजव्या कडेस पुरे वीस. दोहोंच्या मध्यें, निराळ्या कण्यावर, आठ दांतांचें एक चिमुकलें चाक असतें. एकंच्या चाकावर नऊ जाऊन शून्य येत असतांना त्याचे दोन दांत या चिमुकल्या चाकास गांठतात व पाव वळसा देतात. तें दहंच्या चाकास वीसांपैकीं दोन दांत, म्हणजे बरोबर एक घर, पुढें सरकवितें. एरव्हीं काय? तर चिमुकल्या चाकाचे एकाआड एक दांत रुंदीला कमी केलेले असतात, त्यामुळें उरलेले रुंद दांत एकंच्या चाकाच्या गुळगुळीत कडेवर टेकून राहतात व तें अडकून बसतें. दहंचें चाक धक्क्यानें, हादऱ्यानें किंवा आपखुशीनें हलूं शकत नाहीं. अमेरिकेंत हार्टफर्ड येथें कर्टिस वीडर यांनीं १८९५ मध्यें सायकलीचे मैल मोजणारें यंत्र बाजारांत आणलें, तेव्हांपासून आंकड्यांच्या चाकांची ही ओळ लोकांच्या चांगली परिचयाची झाली.

परीक्षेचा क्षण येतो तो ०९९९९९ या आंकड्यावर. पुढच्या एका झोतानें सहाहि चाकांनीं एकदम हलावयाचें असतें; सहा चाकांचें घर्षण एका खिटीवर पडतें. वेटोळें दुबळें असलें किंवा तेल सुकलें असलें तर यंत्र अडखळतें तें येथेंच, आणि झरोक्यांत अर्धा नऊ, अर्धा शून्य असे लटकलेले आंकडे दिसतात. ही अडचण विजेच्या काळापूर्वीची आहे. फ्रान्समध्यें रूआं येथें करवसुलीच्या हिशेबांत बुडालेल्या वडिलांचे श्रम वाचावे म्हणून ब्लेझ पास्कल यांनीं १६४२ मध्यें, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, बेरजेचें यंत्र करावयास घेतलें. त्यांनीं प्रत्येक चाकास एक लहान वजन जोडलें. चाक शून्याकडून नवाकडे जात असतां तें वजन थोडें थोडें वर उचललें जाई आणि नवानंतर सुटून पडतांना शेजारच्या चाकास ढकली. म्हणजे प्रत्येक हातच्याचा खर्च अगोदरच थोडाथोडा शिलकीस टाकलेला! संसारी माणसास ही युक्ति चटकन पटेल.

विजेचा धक्का आणि चाकाची आठवण यांची जोड किती मोठें काम करूं शकते, हें १८९० मध्यें अमेरिकेच्या खानेसुमारींत प्रथम दिसून आलें. त्याच्या आधींची, १८८० ची, खानेसुमारी हातानें मोजतां मोजतां जवळजवळ दशक संपत आलें होतें. पुढची गणती आली तरी मागची छापून होत नाहीं अशी पाळी. हर्मन हॉलरिथ नांवाच्या तरुण यंत्रशास्त्रज्ञांनीं यावर तोड काढली. प्रत्येक माणसामागें एक कार्ड, आणि त्यावर २८८ जागा. पुरुष कीं स्त्री, वय किती, विवाहित कीं अविवाहित, जन्म कोठला, अशा प्रत्येक उत्तरास एक जागा नेमलेली. जें उत्तर असेल तेथें भोंक पाडावयाचें. मग कारकून तें कार्ड एका दाबयंत्राखालीं ठेवी व दांडा खालीं ओढी. वरून २८८ सुया उतरत. जेथें कागद कोरा तेथें सुई मागें सरे. जेथें भोंक तेथें ती पार होऊन खालच्या वाटींतील पाऱ्यांत बुडे. पारा हा विजेचा उत्तम वाहक असल्यामुळें तेवढ्याच सुईचें मंडळ पुरें होई, आणि समोरच्या फळीवरील तबकड्यांपैकीं नेमक्या तबकडीचा कांटा एक घर पुढें सरके. अशा चाळीस तबकड्या चार ओळींत मांडलेल्या होत्या.

या तबकड्या आम्हांस फार मनोरंजक वाटतात, कारण त्यांवर आंकड्यांचीं चाकें नव्हतीं. घड्याळासारखे दोन कांटे, आणि घेरावर शंभर भाग. पहिला कांटा शंभर घरें फिरला कीं दुसरा एक घर पुढें जाई. दहांचा हातचा नाहींच, एकदम शंभरांचा. लाखोलीच्या पानांवर चिंचोका ठेवणाऱ्या आजीबाईंनीं हें यंत्र पाहिलें असतें तर त्यांस त्यांत कांहीं नवल वाटलें नसतें. कार्ड नीट वाचलें गेलें म्हणजे घंटा वाजे. ती वाजली नाहीं तर कार्ड सरकलें असेल किंवा भोंक चुकलें असेल असें समजून कारकुनानें तें पुन्हां तपासावें, असा नियम होता. आम्ही या यंत्रांत पाऱ्यापेक्षां घंटेस अधिक मान देतों. मोजणारीं यंत्रें पुष्कळ झालीं. ‘आतां मोजलें’ म्हणून दर वेळीं माणसास सांगणारीं थोडीं. देशाची लोकसंख्या ६ कोटी २६ लक्षांवर असल्याचें या यंत्रांनीं थोड्याच आठवड्यांत सांगितलें. हॉलरिथ यांनीं १८९६ मध्यें काढलेली कंपनी पुढें इतर कंपन्यांत मिळून गेली, आणि त्या मंडळीस १९२४ मध्यें जें नांव मिळालें तें आज घरोघर ठाऊक असलेलें आय.बी.एम. होय.

घंटा नसलेल्या मोजकाची गोष्ट आमच्या घरांतच घडली आहे. जुन्या पद्धतीच्या दूरध्वनि-केंद्रांत प्रत्येक ग्राहकाच्या नांवाचा एकेक मोजक असे. अशा शेंकडों लहान लहान पेट्या भिंतीसारख्या रचलेल्या असत आणि दिवसभर त्यांची टकटक चाले. गांवांतल्या गांवांत बोलल्यास एक झोत. परगांवीं बोलल्यास, अंतर जितकें अधिक तितके झोत लवकर लवकर. मध्यस्थावांचून परगांवीं बोलण्याची ही सोय आपल्या देशांत १९६० मध्यें कानपूर व लखनौ यांच्या दरम्यान प्रथम सुरू झाली व पुढें सर्वत्र पसरली. ठराविक दिवशीं त्या मोजकांचीं छायाचित्रें घेत आणि त्यांवरून बिलें करीत. म्हणजे पैसे भरणारा एका गांवच्या टोंकास, आणि त्याचा आंकडा दुसऱ्या टोंकास कुलुपांत.

आमच्या एकत्र कुटुंबांत दूरध्वनि आल्यास वर्ष झालें असेल, तों एके महिन्यांत नेहमींच्या तिप्पट बिल आलें. आमच्या थोरल्या चुलत्यांनीं यंत्राच्या तबकडीस लहानसें कुलूप घातलें व किल्ली जानव्यास बांधली. तेवढ्यावर भागलें असतें तर बरें होतें. थोरल्या वहिनींचें माहेर सोलापूरचें. दुपारीं सर्व मंडळी निजलेलीं असतां सोलापुराकडे बोलणें होत असेल, असें काकू स्वयंपाकघरांत बोलल्या, आणि तें माजघरांत ऐकूं जाईल अशा बेतानें बोलल्या. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. त्यानंतर माहेरचा फोन आला तरी त्या उठत नसत. पुढें कित्येक महिने त्यांचीं पोस्टकार्डेंच जात. कुलूप असतांहि दुसऱ्या महिन्याचें बिल तसेंच आलें, तेव्हां लेखी तक्रार गेली. त्या कचेरीनें प्रथम ‘मीटर खोटें बोलत नाहीं’ असें कळविलें. नंतर चौकशी होऊन कांहीं तांत्रिक दोष असल्याचें सांगण्यांत आलें व अधिक घेतलेली रक्कम पुढील बिलांत वजा झाली. वहिनींस मात्र त्याविषयीं कोणी कांहीं बोलल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

मीटर खोटें बोलत नाहीं, हें कचेरीचें म्हणणें एका अर्थीं खरेंच होतें. त्याच्या वेटोळ्यांत जेवढे झोत आले तेवढेच त्यानें मोजले. परंतु मोजक झोत मोजतो, वस्तु मोजीत नाहीं. झोत बोलण्यामुळें आला कीं कोठला सैल जोड मिटला-उघडला म्हणून आला, हें त्यास कळण्याचा मार्ग नाहीं. आणि कोणाच्या बोलण्यामुळें आला हें तर मुळींच नाहीं. त्यास ‘किती’ एवढेंच ठाऊक. ‘कोणाचें’ हा रकाना घरच्या माणसांनीं आपल्या मनानें भरला, आणि तो भरतांना ज्या व्यक्तीस उलट बोलण्याची सोय नव्हती तिचें नांव सर्वांस सुचलें.

म्हणूनच ज्या मोजकाचे पैसे आपण भरतों तो आपल्या दृष्टीसमोर असावा व त्याची परीक्षा घरच्या घरीं करितां यावी, असें आमचें ठाम मत आहे. विजेच्या मीटराची ती करितां येते. जुन्या मीटरांत ॲल्युमिनियमची एक तबकडी फिरत असे. हंगेरींतील ओट्टो ब्लाथी यांनीं १८८९ मध्यें या जातीचें मीटर केलें. एका युनिटास तबकडीचे किती फेरे, तें मीटरच्या तोंडावरच छापलेलें असे. आजच्या मीटरांत तबकडी नाहीं. तिच्याऐवजीं एक लाल ठिपका लुकलुकतो आणि युनिटास किती वेळां लुकलुकावयाचें तें लिहिलेलें असतें. समजा ३२०० लिहिलें आहे. घरांतील सर्व कांहीं बंद करून जुन्या तऱ्हेचा १०० वॅटचा एकच दिवा लावावा. तासास एक युनिटाचा दहावा भाग जळेल, म्हणजे ठिपका तासांत ३२० वेळां, म्हणजेच सव्वाअकरा सेकंदांस एकदां, लुकलुकला पाहिजे. घड्याळ घेऊन मुलांस समोर बसवावें. दिव्यावर लिहिलेले वॅट व प्रत्यक्ष खाल्लेले वॅट यांत थोडा फरक असतो, तेव्हां सेकंद-अर्ध्या सेकंदावरून तक्रार लिहावयास बसूं नये. सहा-सात सेकंदांतच लुकलुकूं लागला तर अवश्य बसावें.

यांत्रिक मोजकाची शक्ति अमर्याद नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. पट्टी कितीहि हलकी केली तरी ती लोखंडाची. तिला जावयास व परत यावयास वेळ लागतो. सामान्य मोजक सेकंदास दहा-वीस झोतांपलीकडे धांवूं शकत नाहीं. केंब्रिज येथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेंत किरणोत्सर्गी द्रव्यांतून सुटणारे कण मोजतांना ही अडचण फार भासूं लागली. तेथील विन-विल्यम्स यांनीं १९३२ मध्यें त्यावर उपाय प्रसिद्ध केला. त्यांच्या जोडणींत विजेच्या नळ्यांची एक पायरी दर दोन झोतांतून एकच पुढें सोडी. दुसरी पायरी त्यांतूनहि दोनांत एक. अशा तीन पायऱ्या झाल्या कीं आठांत एक झोत उरे, आणि तेवढाच बिचाऱ्या लोखंडी मोजकाकडे जाई. म्हणजे जलद मोजण्याचें काम नळ्यांनीं उचललें, आणि आठवण ठेवण्याचें काम चाकाकडेच राहिलें.

हीच वांटणी पुढें घरगुती मीटरांतहि आली. कित्येक इलेक्ट्रॉनिक मीटरांत मापन सर्वस्वीं नव्या पद्धतीचें, परंतु आंकडे मात्र जुन्या चाकांवर असतात. त्यांत खिटीच्या जागीं एक लहानसा स्थायी चुंबक बसविलेला असतो. विजेचा झोत एकदां सुलट व एकदां उलट दिला म्हणजे तो अर्धा अर्धा वळसा घेतो व चाकें सरकवितो. ज्या मीटरांत आंकडे कांचेवर उमटतात, त्यांत वीज गेल्यावरहि आठवण टिकावी म्हणून निराळी चिप घालावी लागते. आणि अंधारांत, वीज नसतांना, तो आंकडा वाचावा म्हटलें तर कांच पुष्कळदां कोरी असते. चाकांच्या मीटरासमोर काडी ओढली तरी पुरते.

त्याच पत्रांत आमच्या भगिनींनीं विचारिलें आहे कीं, शेवटचें चाक लाल कां असतें. तें एकंचें चाक नव्हे, दशांशाचें होय. एका युनिटाचे दहा भाग तें दाखवितें. झरोक्यांत ०४७२८ आणि त्यापुढें लाल ६ असला तर वाचन ४७२८ युनिटें व सहा दशांश असें धरावें. तो लाल सहा ओढून घेतल्यास ४७२८६ होतात, आणि असें वाचून धसका घेतलेलीं एक-दोन घरें आमच्या पाहण्यांत आहेत. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस, शक्यतों एकाच वेळीं, लाल आंकडा सोडून बाकीचे कॅलेंडरवर उतरवावे, व बिल आलें म्हणजे तें त्याशेजारीं धरून पाहावें.